दगड कोरडा फोड

४ फेब्रुवारी

भिंगरी,

हे नाव वापरायचा हक्क मला उरलाय की नाही, याचा विचार करत बसले तर पत्र जाणारच नाही, म्हणून वापरते. पत्र कामाचं आहे. शेवटपर्यंत वाच, मग फाडायचं तर फाड.

तुमच्या पाणी मंडळाने बोगद्याच्या दगडांच्या स्लाइड्स आमच्या कॉलेजच्या संग्रहात जमा केल्या. निवृत्त झाले तरी त्या कपाटांच्या किल्ल्या माझ्याचकडे आहेत, कारण नव्या लोकांना धूळ सोसत नाही. पेटीवर तुझं अक्षर होतं, आत अहवालाची प्रत होती. नोंद करायला पेटी उघडली आणि सवयीने एक स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. मग सगळ्याच पाहिल्या.

तुझी पत्रं तुझा नवरा तुझ्याआधी वाचतो, हे मला माहीत आहे. तेव्हा त्यालाही समजेल असं लिहिते. मेहुणेबुवा, दगडाची केसाहून पातळ चकती घासून काचेवर चिकटवली की तिच्यातून उजेड जातो आणि आतली खनिजं ओळखता येतात. तिला स्लाइड म्हणतात. तुमच्या डोंगराचा दगड नेफेलीन सायनाइट आहे. दिसायला ग्रॅनाइटचा भाऊ, पण गारगोटीचा त्यात कणही नाही. ज्या शिलारसापासून, म्हणजे वितळलेल्या दगडापासून, तो गोठला त्यात सिलिका कमी आणि सोडियम जास्त होतं, म्हणून गारगोटीच्या जागी नेफेलीन तयार झालं. ही दोन खनिजं एका रसातून एकत्र गोठत नाहीत. एवढं समजलं तरी पुढचं समजेल.

भिंगरी, तुझ्या अहवालात लिहिलं आहे, ‘लहान पोकळ्या आढळल्या, बहुधा वायूच्या.’ पोकळ्या मी मोजल्या नाहीत, पण पुष्कळ आहेत आणि बोगद्यात जितकं आत जावं तितक्या वाढत जातात. वायूची पोकळी असती तर तिच्या भिंतीवर आत वाढलेले बारीक स्फटिक दिसले असते. इथे एकही नाही. कडा स्वच्छ आहेत, जणू त्या जागी काहीतरी बसलं होतं आणि उठून गेलं.

ते काय होतं, ते तुला मी सांगायला हवं असं नाही. दोन दिवस विचार कर.

खाली वस्ती आहे हे मला ठाऊक आहे. मार्चअखेर बोगद्याच्या तोंडाशी काँक्रीटची भिंत बंद करून डोंगरातलं पाणी मागे साठवणार आणि नळाने त्या वस्तीला देणार, हेही वर्तमानपत्रात वाचलं. त्या कामाच्या दाखल्यावर भूवैज्ञानिक म्हणून तुझी सही आहे. म्हणून हे पत्र.

थोरली


११ फेब्रुवारी

भिंगरी,

तुझं उत्तर आलं. मंडळाच्या छापील कागदावर, जावक क्रमांकासह. सख्ख्या बहिणीला जावक क्रमांक घालून पत्र लिहिणारी आपल्या घराण्यातली तू पहिलीच. ‘आपल्या शंकेची नोंद घेण्यात आली आहे. पाण्याचे सर्व नमुने मर्यादेत आहेत.’ बरं.

नमुने कुठे घेतले तेही अहवालात आहे, बोगद्याच्या तोंडाशी, वाहत्या पाण्याचे. ते पाणी वर्षानुवर्षं त्याच वाटेने वाहतं. त्या वाटेतलं जे विरघळायचं ते कधीच विरघळून गेलं. भिंत घातलीत की पाणी थांबेल, चढेल आणि आजवर ज्या दगडाला शिवलंसुद्धा नाही त्याच्यात शिरून महिनोन्‌महिने बसून राहील. त्या पाण्याचा नमुना आज कोणाकडे नाही. तो वस्तीतल्या पोरांच्या पोटात पहिल्यांदा तपासला जाईल.

मी काय केलं ते सांगते. तुझ्या स्लाइड्स ज्याने केल्या तो आमचा चकतीवाला. त्याला विचारलं, दगड कापताना आणि घासताना काय वापरलंस. तो म्हणाला, बाई, पाणी, दुसरं काय वापरणार, पाणी फुकट आहे. मी म्हटलं, या दगडाला पाणी चालत नाही. त्यावर तो म्हणाला, मग तसं चिठ्ठीवर लिहायचं होतं, दगड काय मला येऊन सांगणार आहे का. त्याचं बरोबर आहे. चिठ्ठी तुझ्या ऑफिसची होती आणि तिच्यावर काहीच लिहिलं नव्हतं.

संग्रहात त्याच बोगद्यातून पूर्वी ड्रिलने काढलेला दगडाचा एक दांडा पडून आहे, मनगटाएवढा जाड. दरवर्षी प्रदर्शनाच्या आधी विद्यार्थी तो नळाखाली धरून घासतात, त्यामुळे बाहेरून नुसता खडबडीत राखाडी आहे. आपल्या धंद्यातल्या माणसांची ही खोडच आहे. दगड हातात आला की आधी धुवायचा आणि मग बघायचा. नळ नसेल तर जीभ लावायची. आई म्हणायची, माझ्या मुली दूध पीत नाहीत, दगड चाटतात. तो दांडा मी कोरडाच हातोडीने मधोमध फोडला. आत डाळिंबाच्या दाण्यांसारखे लाल कण होते. एक खडा चकतीवाल्यासमोर पेल्यातल्या पाण्यात टाकला. आम्ही दोघं बघत उभे राहिलो. लाल गेलं, राखाडी राहिलं आणि राखाडीत भोकं राहिली. तुझ्या स्लाइडमध्ये आहेत तशीच.

व्हिलियोमाइट. मेहुणेबुवा, म्हणजे सोडियम फ्लुओराइड, मिठासारखं विरघळणारं. खोलवरून आलेला रस पृथ्वीच्या कवचात अडकून हळूहळू गोठतो, तेव्हा फेल्डस्पार आणि नेफेलीन आधी बनतात. ज्यांना त्यांच्यात जागा मिळत नाही ते पदार्थ उरलेल्या रसात साठत जातात. फ्लोरीन त्यातलाच. अगदी शेवटी, सगळी खनिजं आपापल्या जागी बसल्यावर, उरलेल्या फटींमध्ये हे लाल दाणे बनतात. असं पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं की मुलांचे दात डागाळतात आणि मोठ्यांची हाडं, सांधे कडक होतात. एकदा झालं की बरं होत नाही.

ही चूक तुझ्या बेफिकिरीची नाही, हेही लिहून ठेवते. सूक्ष्मदर्शकाच्या दोन ध्रुवक काचा एकमेकींना आडव्या धरल्या की हे खनिज कसंही फिरवलं तरी काळंच दिसतं आणि भोकही काळंच दिसतं. भोकाला भोक लिहिलंस, त्यात खोटं काही नाही. पण आता तुला माहीत झालं आहे.

तेव्हा अहवाल तू तुझ्या हाताने मागे घे. मी मंडळाला अजून काही कळवलेलं नाही. मार्चच्या दुसऱ्या सोमवारपर्यंत थांबेन, त्यानंतर अध्यक्षांना मी लिहीन. त्या वेळी तू माझी बहीण आहेस म्हणून एक शब्दही मऊ करणार नाही.

हेही पत्र घरच्याच पत्त्यावर पाठवते आहे, ऑफिसच्या नाही.

ताई


२० फेब्रुवारी

भिंगरी,

काल तुझ्या नवऱ्याचा फोन आला. म्हणाला, ताई, तुमचं पत्र मिळालं असं तुम्हाला सांगायचं नाही अशी तिची सक्त ताकीद आहे, म्हणून मी सांगत नाहीये. मग पाऊण तास तो काहीच सांगत नव्हता. त्यातून मला कळलं ते असं. दोन दिवस तू माझं पत्र आणि तुझा अहवाल शेजारी ठेवून बसलीस. तिसऱ्या दिवशी मंडळाच्या गोदामातून दांड्याचे तुकडे घरी आणलेस आणि ओट्यावर हातोडीने फोडलेस. ओट्याची कड उडाली. आता घरातल्या सगळ्या काचेच्या बरण्यांमध्ये दगड भिजत आहेत, लोणचं पातेल्यात आहे आणि चहाची पूड वर्तमानपत्रात. त्याने विचारलं, ताई, हे विषारी आहे का. मी म्हटलं, बरण्या परत वापरू नका. तो म्हणाला, म्हणजे नव्या घ्याव्या लागणार. या माणसाशी तू इतकी वर्षं संसार कसा केलास ते मला आता समजायला लागलं आहे. तो घाबरतो, पण बाजूला होत नाही.

लाल दिसलं का, हे त्याने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. ते तू सांगायचं.

सोबत एक स्लाइड पाठवते आहे, मेणकागदात गुंडाळलेली. चकतीवाल्याकडून तुमच्याच बोगद्याच्या दगडाची नवीन करून घेतली, कापणं आणि घासणं दोन्ही रॉकेलवर. दोन दिवस तो कुरकुरत होता. घरी बायको जवळ उभं राहू देत नाही म्हणाला, स्टोव्ह दुरुस्त करून आलास का विचारते. पण स्लाइड सुरेख झाली आहे. तुझ्या पेटीतली त्याच भागाची स्लाइडही सोबत घातली आहे, ती शेजारी ठेव आणि बघ. जिथे तुझ्याकडे भोक आहे तिथे माझ्याकडे फिकट गुलाबी तुकडा आहे. ओल्या हाताने धरू नकोस. आणि जुन्या सवयीने दगडाला जीभ लावू नकोस.

माझ्या शब्दावर विश्वास ठेव असं मी म्हणत नाही. तू स्वतः आत जा. जिथपर्यंत भिंती ओल्या आहेत त्याच्या पलीकडे जा आणि नवीन भोक पाड, पण पाण्यावर चालणाऱ्या ड्रिलने नको. हवेवर चालणारं घे. धूळ उडेल, तोंडाला फडकं बांध.

इथे ठीक आहे. गुडघा दुखतो, पण जिने चढते.

ताई


२ मार्च

भिंगरी,

तुझं पत्र मिळालं. साध्या कागदावर, हाताने लिहिलेलं. तीनदा वाचलं.

बोगद्यात तू स्वतः गेलीस, हे चांगलं केलंस. तुमचा ड्रिलवाला पाण्याशिवाय भोक पाडायला तयार नव्हता, टोक तापून लाल होईल, आम्ही काय भट्टीवाले आहोत का म्हणाला, आणि शेवटी तूच यंत्राच्या मागे उभी राहिलीस, ते वाचून मला हसू आलं. कॉलेजात असताना तू ड्रिलच्या आवाजाला घाबरून माझा हात धरायचीस. सुक्या भोकातून आलेला दांडा टोकापासून टोकापर्यंत लाल ठिपक्यांचा निघाला, हे वाचलं. त्याचा चुरा ज्या पाण्यात भिजवलास त्यातल्या फ्लुओराइडचा आकडाही वाचला. मी कमी धरला होता.

आता तू पत्राच्या दुसऱ्या पानावर जे लिहिलं आहेस त्याबद्दल.

तू लिहितेस की या डोंगरावरचा तुझा तो जुना पेपर मी परिषदेच्या आठवडाभर आधी वाचला होता. डोंगराच्या रसाने वाटेत चुनखडक खाल्ला, चुन्याने सिलिका अडवून धरली आणि म्हणून दगड असा झाला, हे तुझं म्हणणं चुकीचं आहे हे मला तेव्हाच कळलं होतं. आदल्या रात्री आपण परिषदेच्या वसतिगृहात एकाच खोलीत झोपलो होतो, एकाच कंगव्याने केस विंचरले होते. आणि सकाळी भरल्या सभेत मी उठून विचारलं, ‘या डोंगराच्या आसपास चुनखडक कुठे आहे, ते दाखवाल का?’ लोक हसले. तू लिहितेस, ‘तू बरोबर होतीस. खोलीत सांगितलं असतंस तर मी पेपर मागे घेतला असता.’

चुनखडक त्या डोंगराच्या आसपास नाही. यावर मला आणखी काही लिहायचं नाही.

तू अहवाल मागे घेते आहेस आणि मंडळाच्या सभेत उभी राहून स्वतः सांगणार आहेस, हे कळलं. नोकरीचं काय होईल ते ठाऊक नाही, असं लिहिलं आहेस. मलाही ठाऊक नाही. काहीतरी होईलच. वस्तीतले लोकही चिडतील, कारण त्यांना आणखी एक उन्हाळा टँकरची वाट बघावी लागेल. ते तुला तोंडावर बोलतील. ऐकून घे.

मसुदा मला पाठवला नाहीस. पाठवला असतास तर आकडे एकदा पडताळले असते. पण नाही पाठवलास, ठीक आहे.

सभेला मी यावं, पुढच्या रांगेत बसावं आणि तोंड उघडू नये, अशी तुझी अट आहे. ‘तू आली नाहीस तर बोलताना माझं सगळं लक्ष दाराकडे राहील. त्यापेक्षा समोर बस. पण काहीही झालं तरी एक शब्द बोलू नकोस.’ अट मान्य आहे. अधोरेखित करायची गरज नव्हती. तेही दोनदा.

अध्यक्षांना लिहिलेलं पत्र मी तयार ठेवलं होतं. ते फाडलं.

ताई


१५ मार्च

भिंगरी,

सभेनंतर तू वस्तीतल्या त्या शिंपीणबाईंशी बोलत उभी होतीस, म्हणून मी थांबले नाही. शिवाय बस होती.

पुढच्या रांगेत बसले होते हे तू पाहिलंसच. माझ्या एका बाजूला मंडळाचे इंजिनिअर होते, दुसऱ्या बाजूला तुझा नवरा. तू बोलायला उभी राहिल्यापासून तो माझ्या पर्सचा पट्टा धरून बसला होता. मी उठू नये म्हणून की त्याला स्वतःला धरायला काही हवं होतं, ते मी विचारलं नाही.

तू चांगली बोललीस. ‘माझा अहवाल चुकीचा आहे आणि मी तो मागे घेते,’ हे पहिलंच वाक्य घेतलंस. लोक असं वाक्य चौथ्या पानावर घालतात. इंजिनिअरनी तुला विचारलं, आधी का दिसलं नाही तुम्हाला? मला वाटलं, तू चकतीवाल्याचं नाव घेशील. निदान पाण्यावर घासलेल्या स्लाइड्सचं तरी सांगशील. तू एवढंच म्हणालीस, ‘मी दगड धुऊन पाहिला.’ इंजिनिअरना ते कळलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

बरणीचं प्रात्यक्षिक मला पसंत नव्हतं, सभेत नाटकं करू नयेत असं माझं मत आहे. पण मागच्या रांगांमधले लोक उठून पुढे आले आणि लाल दाणे पाण्यात नाहीसे होताना त्यांनी डोळ्यांनी पाहिले. त्यानंतर कोणी आकड्यांवर वाद घातला नाही. तेव्हा तुझं बरोबर होतं.

शिंपीणबाई बोलल्या ते तू ऐकून घेतलंस. त्या म्हणाल्या, भिंत बांधून होईपर्यंत तुम्हाला दगड फोडायला वेळ मिळाला नाही का, आमचा नंबर टँकरला पहाटे लागतो, तुमचा लागतो का. तू म्हणालीस, नाही लागत. मग त्याच म्हणाल्या, पण आता सांगितलंत ते बरं केलंत, माझी नात दात येण्याच्या वयाची आहे. मला त्यांचा आवाज आवडला. त्या माझ्या वर्गात असत्या तर मी त्यांना पुढे बसवलं असतं.

तुला या कामावरून बाजूला केल्याचं अध्यक्षांनी तिथेच जाहीर केलं. तू मान हलवलीस. डोंगराच्या पलीकडच्या अंगाला, साध्या खडकातून जो झरा येतो, तिथून नळ आणायला वर्षभर लागेल असं इंजिनिअर मला नंतर म्हणाले. खर्चाबद्दलही बरंच बोलले. मी त्यांना सांगितलं, ते तुमचं काम.

आता मुख्य गोष्ट. शेवटी अध्यक्षांनी माझ्याकडे पाहून विचारलं, ‘बाई, तुम्हाला काही म्हणायचंय?’ त्यांना मी एकदा तोंडी परीक्षेत नापास केलं आहे, ते अजून मला बघून उभे राहतात. सगळी सभा माझ्याकडे वळली. मागे कोणीतरी हळूच म्हणालं, आता बघा. तू टेबलाची कड धरली होतीस. 

मी ‘नाही’ म्हटलं. मग अध्यक्षांनी सभा संपवली.

तुझा नवरा बाहेर येऊन म्हणाला, ताई, तुम्हाला बरं वाटतंय ना. त्याला सांग, मला उत्तम वाटत होतं.

एक राहिलं. त्या शिंपीणबाईंनी तुला विचारलं की हे दाणे लाल कसे, आणि तू सांगितलंस की त्यात लोखंड असतं म्हणून. लोखंडामुळे तो रंग येत नाही. तू बोलून गेलीस तेव्हा माझा हात अर्धा वर आला होता, तो मी पर्सवर ठेवला. तुझा नवरा साक्षीदार आहे. रंग कशाने येतो ते पत्रात लिहून समजणार नाही, आकृती काढावी लागते, आणि मला ते कोणासमोर सांगायचं नाही.

रविवारी मी दिवसभर घरी आहे. जेवायलाच या. मेहुणेबुवांना म्हणावं, बरण्या मी घेऊन ठेवल्या आहेत.

तुझी
ताई